ज्यू स्थलांतरविरोधी सोव्हिएट प्रचार

सोव्हिएट संघातील ज्यूंनी देश सोडून इझ्राएलला जाऊ नये, यासाठी शासनाने वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी, पुस्तिका आणि कामाच्या ठिकाणच्या सभा यांमधून चालविलेली मोहीम. तिचा भर साधारणतः १९६७ ते १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध या काळात होता.

मोहिमेच्या आरंभाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तिची मुळे १९४९ च्या सुमारास ‘बिनबुडाचे विश्वनागरिक’ म्हणून ज्यू लेखक-समीक्षकांना झोडपणाऱ्या लेखांत शोधतात. काही कीव्ह येथे १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्रोफीम किच्को यांच्या यहुदी धर्मविरोधी पुस्तकाकडे बोट दाखवितात. परंतु त्या लेखनाचा रोख निष्ठा व धर्म यांवर होता. देशत्यागाचा प्रश्न तेव्हा उघडपणे पुढे आलेलाच नव्हता. डिसेंबर १९६६ मध्ये पंतप्रधान कोसिगिन यांनी पॅरिस येथे, कुटुंबीयांकडे जाऊ इच्छिणाऱ्यांना वाट मोकळी आहे, असे सांगितले. ते इझ्वेस्तिया या सरकारी दैनिकात छापून आले आणि अर्जदारांच्या हाती सरकारचाच शब्द आला. पुढे जून १९६७ च्या अरब-इझ्राएल युद्धात मॉस्कोने इझ्राएलशी राजनैतिक संबंध तोडले. त्यामुळे हा स्वतंत्र प्रचार १९६७ पासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते.

ज्यूंविरुद्ध ज्यूंनाच बोलायला लावणे, हे त्याचे सर्वांत क्लेशदायक अंग होय. ४ मार्च १९७० रोजी मॉस्कोतील पत्रकार परिषदेत सेनानी दाविद द्रागुन्स्की, उपपंतप्रधान व्हेनिअमिन दिम्शित्स, नर्तिका माया प्लिसेत्स्काया इत्यादी नामवंत ज्यूंना इझ्राएलच्या निषेधासाठी बसविण्यात आले. मॉस्कोच्या ३९ ज्यूंनी त्यास आपल्या सह्यांनिशी लेखी उत्तर दिले. त्या काळात असे धैर्य नोकरीवर आणि स्वातंत्र्यावर बेतणारे होते.

अर्जाची पद्धतही प्रचाराच्या उपयोगी पडे. इझ्राएलमधील नातेवाइकांचे आमंत्रणपत्र (व्हीझव्ह) व आईवडिलांची संमती यांबरोबरच १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात कामाच्या ठिकाणचे वर्तणूक-प्रमाणपत्र (खारक्तेरीस्तिका) लागे. ते मागताच सभा भरे. वर्षानुवर्षे शेजारी बसणारे सहकारी एकेक उठून अर्जदाराला देशद्रोही म्हणत. परवानगी नाकारलेल्यांना ‘अत्काझ्निक’ म्हणत.

जानेवारी १९७७ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या ‘आत्म्यांचे खरेदीदार’ या चित्रपटात शरान्स्की, बेगून, स्लेपाक इ. स्थलांतराचा हक्क मागणाऱ्या कार्यकर्त्यांना नावानिशी झिओनवादाचे (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीचे) हस्तक ठरविले. मार्चमध्ये शरान्स्कींना अटक झाली. झिओनवादविरोधी सोव्हिएट जनसमिती एप्रिल १९८३ मध्ये द्रागुन्स्की यांच्याच अध्यक्षतेखाली स्थापन झाली. तिचे उपाध्यक्ष, कायदेतज्ञ सामुईल झिव्ह्ज यांनी कुटुंबे एकत्र आणण्याचे काम जवळजवळ संपल्याचे जाहीर केले. हजारो अर्ज तेव्हा अडकून पडले होते.

प्रचाराचा परिणाम किती झाला, हा वादाचा विषय आहे. १९७९ मध्ये ५१,००० हून अधिक ज्यू बाहेर पडले, तर १९८४ मध्ये ९०० हून कमी. ही घसरण मनपरिवर्तनाची नव्हे, तर परवाने रोखल्याची दिसते. कारण निर्बंध सैल होताच १९९० मध्ये एकट्या इझ्राएलला १,८०,००० हून अधिक लोक गेले.