छुपा तपास (अमली पदार्थांच्या पैशाचा)

छुपा तपास : ओळख लपवून, बहुधा व्यापारी किंवा दलाल म्हणून टोळीत शिरून, अमली पदार्थांच्या विक्रीतला पैसा कोणाच्या हातून कोठे जातो हे काढण्याची पद्धत. मालाच्या मागावरच्या माणसाला ‘बनावट ग्राहक’ म्हणतात. पैशाच्या मागावरच्या माणसाला मराठीत तसा रुळलेला शब्द नाही.

उगम : व्यापारी हेराचा जुना उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रात येतो. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक (व्यापारी) आणि तापस अशा पाच ‘संस्था’, म्हणजे एका जागी राहणारे हेर, तेथे सांगितल्या आहेत. ग्रंथ परंपरेने इ. स. पू. चौथ्या शतकातला मानतात. आजची संहिता इ. स. च्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली असावी, हे मत अधिक पटणारे आहे. वैदेहकाला आजच्या वेषांतरित अधिकाऱ्याचा पूर्वज ठरवण्याचा मोह मात्र आवरावा. मूळ शब्द ‘वाणिजको वृत्तिक्षीणः’ असे आहेत, म्हणजे धंदा बसलेला खराच वाणी. तो अधिकाऱ्यापेक्षा खबऱ्याला जवळचा.

‘मनी लाँडरिंग’ (शब्दशः पैशाची धुलाई, म्हणजे काळा पैसा वैध भासवणे) या शब्दाबद्दलही असाच घोळ आहे. शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याने धुलाईकेंद्रांतून काळा पैसा फिरवला म्हणून हे नाव पडले, अशी कथा सांगतात. पण कपोनला १९३१ मध्ये शिक्षा झाली ती करचुकवेगिरीबद्दल, आणि शब्दाचा छापील वापर १९७३ च्या सुमारास, अमेरिकेतल्या वॉटरगेट या राजकीय प्रकरणात रूढ झालेला दिसतो. नाव कपोनपेक्षा नवे मानणे बरे.

आधुनिक उदाहरण : अमेरिकी सीमाशुल्क खात्याचे रॉबर्ट मेझर ‘बॉब मुसेला’ या नावाने कोलंबियाच्या मेडेलिन टोळीचा पैसा फिरवणारे व्यावसायिक झाले. ऑक्टोबर १९८८ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे मुसेलाचे खोटे लग्न ठरवण्यात आले. वऱ्हाडी म्हणून आलेले आरोपी तेथेच पकडले गेले. यात अडकलेल्या बीसीसीआय (बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल) या बँकेची एक शाखा मुंबईतही होती. बँक जुलै १९९१ मध्ये बंद पाडण्यात आली.

भारतीय कायदा : एनडीपीएस, म्हणजे अमली व मनःप्रभावी पदार्थांचा कायदा (१९८५), कलम ५०-अ नुसार ‘नियंत्रित वितरण’ करता येते, म्हणजे माल पकडायचा नाही, नजरेखाली पुढे जाऊ द्यायचा. व्याख्येत मात्र अमली, मनःप्रभावी व नियंत्रित पदार्थ आणि त्यांच्या जागी ठेवलेले पदार्थ एवढेच येतात. नोटांचा उल्लेख नाही. सापळ्यातल्या गड्डीत वर-खाली खऱ्या नोटा आणि मधे कोरे कागद ठेवून काम भागते. टोळीचा पैसा खरोखर फिरवून देणाऱ्या अधिकाऱ्याला असा आडोसा नाही. २००२ चा पीएमएलए, म्हणजे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा (अंमल १ जुलै २००५), मुख्यतः कागदपत्रे, बँक नोंदी व जप्ती यांवर चालतो. तक्रारदार आणि तपासी अधिकारी एकच असला एवढ्यावरून खटला पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले.

नाशिक : फौजदारांना शिकवणारी महाराष्ट्र पोलीस अकादमी त्र्यंबक रस्त्यावर आहे, १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्यात सुरू झालेली ही संस्था १९०९ मध्ये येथे आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोन या अमली पदार्थाचा (बोलीत ‘एमडी’) कारखाना पकडला. मालाची किंमत सुमारे ३०० कोटी रुपये सांगितली गेली.

हवाल्याच्या, म्हणजे बँकेबाहेर पेढ्यांमार्फत पैसे पाठवण्याच्या, व्यवहारात पावती नसते. पाठवणारा दहाच्या एखाद्या नोटेचा क्रमांक कळवतो; तीच नोट दाखवील त्याला पलीकडची पेढी रक्कम देते. छुप्या माणसाला बहुधा एवढाच पुरावा हाती लागतो, तोही क्रमांक वेळेत टिपला तर. देशात नोटा छापणाऱ्या चार छापखान्यांतला सर्वांत जुना, १९२८ चा, नाशिकरोडलाच आहे.