मोटारीच्या रंगाचे टवके आणि त्यांची घरगुती दुरुस्ती

टवका (मोटारीच्या रंगाचा) : चालत्या मोटारीवर खडा आदळून रंगाचा जो बारीक तुकडा उडतो तो, आणि त्याच्या जागी उरलेला खळगाही. ओरखडा लांबट असतो आणि बहुधा वरच्या थरापुरता राहतो. टवका तांदळाच्या कणीएवढा, फार तर मसुराएवढा असतो, पण खोल जातो. बॉनेटची पुढची कड, बंपर, आरशांची पाठ, समोरच्या काचेच्या वरची छपराची कड आणि चाकांमागचा दाराखालचा पट्टा या त्याच्या ठरलेल्या जागा. काचेला बसणारा खड्याचा मार हा वेगळा विषय. तिथे पोकळीत पारदर्शक राळ भरतात, रंगाचा संबंध नाही.

सोलापुरात हा प्रकार जरा जास्तच पाहायला मिळतो. पुणे-हैदराबाद महामार्ग (क्र. ६५, जुना ९), बीड-तुळजापूरकडून येऊन विजयपूरकडे उतरणारा क्र. ५२ आणि सांगली-कोल्हापूरकडचा क्र. १६६ हे तिन्ही इथे भेटतात, त्यामुळे शहरातली गाडी आठवड्यातून एकदा तरी मोठ्या रस्त्याला लागतेच. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर हे तर सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी येण्याचे पल्ले. रस्त्यावरची खडी दख्खनच्या काळ्या पाषाणाची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड क्रशरमधून फुटून निघतो तो धारदार कोपरे घेऊन; नदीच्या गोट्यासारखा गुळगुळीत नसतो. डांबरीकरणानंतर सीलकोटची (वरून पसरलेल्या शेवटच्या थराची) कच मोकळी राहिलेली असेल, तर पुढचे काही दिवस प्रत्येक टायर ती मागच्या गाडीवर उडवतो. त्यात दिवाळीच्या आसपास उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. फडातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या टायरला काळी चिकण माती चिकटलेली असते, तिच्यात खडे रुतलेले असतात, आणि डांबरी रस्त्यावर वेग घेतला की माती वाळून ढेकळासकट सुटते. दोन ट्रॉल्यांच्या मागे चिकटून ओव्हरटेकची वाट पाहणाऱ्याला बॉनेटवर टक् असा आवाज येतो तो याच वेळी.

माराचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरला जो खडा नुसता टणकन उडून जाईल, तोच १०० ला चौपट ऊर्जेने बसतो. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचे अंतर ठेवावे हा नियम अपघातासाठी सांगतात, पण रंगासाठीही तो तितकाच कामाचा आहे; ताशी ८० ला हे अंतर सुमारे ६७ मीटर भरते. उडालेला खडा तेवढ्यात बहुतेक वेळा खाली आलेला असतो.

रंगाचे थर : टवका कुठपर्यंत गेला हे कळल्याशिवाय दुरुस्ती ठरत नाही. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग तो टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात (सुमारे २० मायक्रॉन; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर प्रायमर (३० ते ४०), मग रंगाचा थर म्हणजे बेस कोट (१५ ते २०) आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट (४० ते ५०). सगळे मिळून १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या डोक्याचे जेमतेम दोन केस एकावर एक ठेवावेत एवढी जाडी. गाडी घेताना ज्या रंगावरून घरात आठवडाभर वाद होतो, तो यातला सगळ्यांत पातळ थर असतो.

खळग्याच्या तळाशी काय दिसते ते भिंगातून पाहावे. रंग शाबूत असून नुसती पांढुरकी खोच दिसली तर मार क्लिअर कोटमध्येच थांबलेला आहे. राखाडी किंवा पांढरा मंद तळ म्हणजे प्रायमर. चकचकीत ठिपका म्हणजे उघडा पत्रा. तपकिरी झाला असेल तर गंज सुरू. गाडीला लोहचुंबक लावून पाहणेही चांगले, ते फक्त लोखंडी पत्र्याला चिकटते. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे गंजाचा प्रश्नच नाही, टवका फक्त डोळ्यांना खुपतो. ॲल्युमिनियमचे बॉनेट असेल तर तांबूस गंज दिसत नाही, पण रंगाखाली पांढरी भुकटी धरून फुगवटे येतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यात जस्त आधी झिजते आणि लोखंडाला काही काळ सांभाळून घेते.

सोलापूरची हवा कोरडी. कोकणात उघडा पत्रा पावसाळ्यात पाहता पाहता लालसर होतो, तर इथे तोच ठिपका महिनोन्महिने चकचकीत राहू शकतो. म्हणूनच सोलापुरी मालक टवक्याकडे निवांतपणे पाहतो. पण जून-सप्टेंबरचा पाऊस कमी असला तरी असतो, आणि खळग्यात धूळ साठली की ती ओल धरून ठेवते. गंज मग खाली न जाता आडवा, रंगाच्या कडेखाली पसरतो. वरून मोहरीएवढे दिसणारे टोक सुईने उकरले की आत वाटाण्याएवढी जागा पोकळ निघते. घरगुती दुरुस्तीचे पहिले काम ही वाट बंद करणे आहे. डाग दिसेनासा होणे हे दुसरे काम, आणि ते पूर्ण साधतेच असे नाही. हा क्रम उलटा धरणारे लोक हमखास नाराज होतात.

काळ-वेळ : रंग लावायला पत्रा १५ ते ३० अंश सेल्सियसच्या दरम्यान असावा. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीपार असतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकवत नाही. अशा वेळी रंगाचा थेंब लावायच्या काडीच्या टोकावरच साय धरतो. साय वरून घट्ट होते, आत थिनर अडकून राहते, आणि मग बुडबुडा फुटून टाचणीच्या टोकाएवढे भोक पडते. दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ सर्वांत बरा. योगायोग असा की दसऱ्याला गाडी धुऊन पूजेला काढली की वर्षभराचे टवके मालकाला तेव्हाच मोजून दिसतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे घाई करू नये, पत्र्यावर दव असते. नऊ-दहाला सावलीत गाडी घ्यावी. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या आसपास राहणाऱ्यांना आणखी एक व्यवधान ठेवावे लागते : हवेतली रुई. ओल्या क्लिअर कोटवर बसलेला कापसाचा तंतू काढायला गेले की थरच ओढला जातो, म्हणून तो वाळू द्यावा व नंतर घासून काढावा.

साहित्य : नेमका रंग मिळवणे ही निम्मी लढाई. 'पांढरा' किंवा 'सिल्व्हर' सांगून चालत नाही. एकाच कंपनीचे तीन-तीन पांढरे असतात. रंगाचा सांकेतिक क्रमांक बॉनेटखालच्या किंवा दाराच्या चौकटीतल्या पट्टीवर कोरलेला वा छापलेला सापडतो. तो सांगून कंपनीची तयार टचअप बाटली मागवता येते किंवा ऑटो पेंटच्या दुकानात काट्यावर तोलून रंग मिसळून घेता येतो. गाडी जुनी असेल तर सूर्याने रंग उतरलेला असतो; पेट्रोलच्या झाकणाची पाकळी काढून दुकानात नेली तर मिसळणाऱ्याला समोर ठेवून जुळवता येते. सपाट पांढरा आणि काळा जुळायला सोपे. सिल्व्हर सगळ्यांत अवघड, कारण त्यातले धातूचे कण फवाऱ्यात एका तऱ्हेने आडवे पडतात आणि काडीने लावताना दुसऱ्या. त्यामुळे अचूक क्रमांकाचा रंगही एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने फिका दिसतो. मोतिया पांढऱ्यात तर रंग व क्लिअर यांच्यामध्ये झाक देणारा तिसरा थर असतो.

याशिवाय प्रायमर, क्लिअर कोट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, गंज थोपवणारे द्रावण, २००० व ३००० नंबरचा पॉलिश पेपर, बारीक रबिंग कंपाउंड आणि दात कोरायच्या लाकडी काड्या लागतात. बाटलीच्या झाकणाला आलेला ब्रश या कामाला फारच जाड असतो, तो वापरू नये. नेलपॉलिशचा उपाय घरोघर सांगितला जातो. ते उन्हात पिवळे पडते, ठिसूळ होते आणि पुढच्या खऱ्या दुरुस्तीआधी खरवडून काढावे लागते.

कृती : गाडी शाम्पूने धुऊन घ्यावी. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्याने निघतात, पण रॉकेलचा तेलकटपणा मागे राहतो, म्हणून नंतर पुन्हा धुवावे आणि खळग्यापुरते अल्कोहोल फिरवावे. थिनरने पुसण्याचा मोह टाळावा. प्लॅस्टिकच्या बंपरवर किंवा आधी बाहेर रंगवून घेतलेल्या भागावर ते रंगालाच मऊ करते. पुसायला सोलापुरी टॉवेल हाताशी असतोच. सोलापुरी चादरीप्रमाणे त्यालाही भौगोलिक मानांकन आहे आणि अंग पुसायला त्याला तोड नाही, पण नवा टॉवेल रुई सोडतो आणि त्याची शिवलेली कड क्लिअर कोटवर बारीक चरे पाडते. शेवटच्या हाताला मायक्रोफायबरच बरा.

सुईच्या टोकाने खळग्याच्या कडा चाचपाव्यात. सुटलेला पोपडा असेल तर तो निघालाच पाहिजे, नाहीतर नवा रंग त्याच्यासकट उखडेल. गंज खरवडून चकचकीत धातू लागेपर्यंत जावे. जो निघत नाही त्याला फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचे द्रावण टिपकावे, तो काळा पडतो व तिथेच थांबतो. जिथे उघडा पत्रा आहे तिथेच प्रायमरचा अगदी पातळ ठिपका द्यावा. तळाशी मूळ प्रायमर शाबूत असेल तर नव्याची गरज नाही. उगाच भरले तर रंगाला जागा उरत नाही.

आता रंग. बाटली मिनिटभर चांगली हलवावी, विशेषतः मेटॅलिक, कारण कण तळाशी बसलेले असतात. काडीचे टोक बुडवून जादा रंग बाटलीच्या तोंडाला पुसावा आणि टोक खळग्याच्या मधोमध हलकेच टेकवावे. कडेला टेकवायचे नाही. थेंब आपोआप पसरत कडांपर्यंत जातो आणि तिथे थांबतो. हे घडताना पाहणे हा या कामातला सगळ्यांत समाधानाचा क्षण. वीस-तीस मिनिटांनी पाहिले तर थेंब मध्ये बसलेला, खोलगट झालेला दिसेल. चूक झालेली नसते. थिनर उडून गेल्याने रंग आक्रसतो. असे दोन ते चार हात द्यावेत, आणि रंग आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली राहील इतकेच भरावे. रात्रभर वाळल्यावर क्लिअर कोटचे एक-दोन ठिपके, ते मात्र पातळीच्या केसभर वर येऊ द्यावेत. नवशिके एकाच थेंबात काम उरकायला जातात आणि बॉनेटवर पुळी आल्यासारखे दिसते. ओले असतानाच अल्कोहोलने पुसून पुन्हा सुरुवात करता येते.

निदान आठवडाभर थांबून उंचवटा घासायचा. अख्ख्या बोटाखाली पेपर धरला तर भोवतालचा क्लिअर कोटच आधी झिजतो. त्यापेक्षा कागदाला भोके पाडायच्या पंचने २००० च्या पेपरची टिकली पाडून ती पेन्सिलीमागच्या खोडरबराला चिकटवावी, साबणाच्या पाण्यात भिजवावी आणि फक्त उंचवट्यावर फिरवावी. मग ३०००, मग कंपाउंड. टिकलीखालून निघणाऱ्या पाण्यात गाडीचा रंग उतरू लागला तर थांबावे. एक तर क्लिअर संपला, नाहीतर गाडी जुन्या पद्धतीच्या एकाच थरातल्या रंगाची आहे. वॅक्स महिनाभर नको.

कुठे थांबावे : रंग रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा उडाला असेल, पत्र्याला पोचा आला असेल किंवा गंजाने आरपार खाल्ले असेल तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेच जावे. लांबी (पुट्टी) भरून फवाऱ्याने रंगवणे घरच्या अंगणातले काम नाही. दोन घटकांच्या क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याचा फवारा श्वासातून गेला तर दमा जडू शकतो. उलट, पाच-सात टवक्यांसाठी अख्खे बॉनेट रंगवून घेण्याची घाईही नको. गाडी विकताना व्यापारी रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावतात आणि दुप्पट आकडा दिसला की अपघाताची शंका घेतात. टचअपचा ठिपका प्रामाणिक दिसतो. विम्याचा दावाही परवडत नाही : सक्तीच्या वजावटीची रक्कम स्वतःलाच भरावी लागते आणि २० ते ५० टक्क्यांपर्यंत साठलेला नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर येतो.

प्रतिबंध म्हणून सिरॅमिक कोटिंग विकले जाते. त्याने धूळ कमी चिकटते, पण तो थर फार तर एक-दोन मायक्रॉनचा असतो. खडा त्याला दादही देत नाही. १५० ते २०० मायक्रॉनची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म मात्र खडा खरोखर झेलते. महाग असल्याने ती नुसती बॉनेटच्या पुढच्या पट्ट्याला आणि आरशांना लावून घेणारेही आहेत. मडफ्लॅप स्वस्त, आणि दाराखालचा पट्टा त्यांनी बऱ्यापैकी वाचतो.

उरलेल्या रंगाच्या बाटलीचे तोंड पुसून झाकण घट्ट लावावे, नाहीतर पुढच्या वेळी ते पकडीशिवाय उघडत नाही. बाटलीवर सांकेतिक क्रमांक व महिना लिहून ती घरात, सावलीच्या कपाटात ठेवावी. सोयीचे म्हणून बरेच जण ती गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतात. सोलापूरचा एक मे महिना तिथे काढला की आत मधासारखा चिकट गोळा उरतो.