सूर्य इतका सावकाश का जळतो?

मे महिन्यात भुसावळचा पारा 45च्या पुढे गेला की डोक्यावरचा सूर्य आणि शेजारचं दीपनगरचं कोळशावरचं वीज केंद्र यांचा धंदा एकच असावा असं वाटू लागतं. पण सूर्य दगडी कोळशाचा असता, तर हीच आच देता देता जेमतेम पाच हजार वर्षांत त्याची राख झाली असती. तीही लागेल तेवढा प्राणवायू कुठून तरी मिळाला तर! इथे पृथ्वीवरचे जुने खडकच चारशे कोटी वर्षांचे आहेत.

या कोड्याची वाट 1920 साली आर्थर एडिंग्टन यांनी दाखवली. हायड्रोजनचे चार अणू जुळून बनणारा हेलियमचा एक अणू त्या चारांपेक्षा सुमारे 0.7 टक्क्यांनी हलका भरतो. ती तूट म्हणजेच ऊर्जा. पुढे 1925 मध्ये सिसिलिया पेन यांनी आपल्या मेघनाद साहांचं समीकरण वापरून तारे मुख्यतः हायड्रोजनचेच असल्याचं दाखवलं. हान्स बेथे यांनी 1939 मध्ये हायड्रोजनचं हेलियम करणाऱ्या अभिक्रियांचा तपशील मांडला.

सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश असतं. गंमत म्हणजे हायड्रोजन जुळवायला तेही कमीच पडतं. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे प्रोटॉन. जुळू पाहणारे दोन्ही प्रोटॉन धनभारित, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. पुंजभौतिकीच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या जगातल्या, नियमांमुळे क्वचित एखादी जोडी हा अडसर पार करते. पण नेमक्या त्याच क्षणी दोघांपैकी एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, नाहीतर जोडी फुटते. एखाद्या प्रोटॉनला हा योग यायला सरासरी 900 कोटी वर्षं लागतात. सूर्य बॉम्बसारखा उडून जात नाही तो यामुळेच.

म्हणून गाभ्याच्या एका घनमीटरमधून निघणारी ऊर्जा तीनशे वॅटही भरत नाही. यावल-रावेरकडच्या शेतातला शेणाचा उकिरडा आतून वाफाळतो, साधारण तेवढीच! फरक आकाराचा आहे. सूर्याच्या पोटात तेरा लाख पृथ्वी मावतील. एवढ्या पसाऱ्यात दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातल्या 42 लाख टनांची ऊर्जा बनते.

ही ऊर्जा आदळत-आपटत पृष्ठभागापर्यंत यायला हजारो वर्षं जातात. याच अभिक्रियांत तयार होणारे न्यूट्रिनो नावाचे, कशातूनही सहज आरपार जाणारे कण मात्र गाभ्यातून थेट निघतात आणि साडेआठ मिनिटांच्या आत इथे पोहोचतात. जपानमध्ये सुपर-कामिओकांडे नावाची 50 हजार टन पाण्याची टाकी जमिनीखाली आहे. तिने या न्यूट्रिनोंवरून सूर्याचं चित्र तयार केलं. त्यातले रात्री टिपलेले न्यूट्रिनो पृथ्वीच्या आरपार, खालून आलेले होते.