रायफल: जोडून घ्यावी की तयार? खर्चाच्या प्रश्नामागचा इतिहास

पोलीस भरतीची तयारी करणारी लातूर-परभणीकडची पोरं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. अमेरिकेत माणूस घरच्या टेबलावर सुटे भाग जुळवून रायफल उभी करतो, मग ती तयार रायफलीपेक्षा स्वस्त पडते का? आणि आपल्याकडं असं का होत नाही? मोबाईलवरच्या व्हिडिओंतून आलेला प्रश्न आहे, पण उत्तराला बराच इतिहास आहे.

अमेरिकेत हा हिशेब मांडता येतो तो १९६८ च्या कायद्यामुळं. त्या कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे एकच भाग, ज्यात बाकीची यंत्रणा बसते तो सांगाडा. नंबर त्यावर, नोंद त्याची. नळी, दस्ता, घोड्याचा संच हे सगळं साध्या मालासारखं टपालानं घरी येतं. १९७७ मध्ये तिथल्या एका लोकप्रिय रायफलीचं पेटंट संपलं आणि एकाच मापाचे भाग अनेक कारखाने काढू लागले. शिवाय तयार रायफलीवर ११ टक्के अबकारी कर आहे, जो १९३७ पासून वन्यजीव संवर्धनाकडं वळवला जातो. स्वतःपुरती जुळवणाऱ्याला तो भरावा लागत नाही. एवढं असूनही साधी रायफल तयार घेतलेलीच बहुधा स्वस्त पडते. कारखाना भाग घाऊक घेतो, जुळवणारा किरकोळीत घेतो, वर हत्यारांचा खर्च वेगळा. जुळवणीत फायदा होतो तो उंची नळी, उंची घोडा असं मनासारखं निवडून घेणाऱ्याचा. अर्धवट घडवलेले, नंबर नसलेले सांगाडे विकण्यावरून तिथं मोठा वाद झाला. २०२२ मध्ये त्यावर बंधन घालणारा नियम आला आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला.

आपल्याकडं हा हिशेब सुरूच होत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं 'शस्त्र' या व्याख्येतच शस्त्राचे भाग आणि शस्त्र बनवायची यंत्रसामग्री धरली. म्हणजे सुटी नळी हेही शस्त्रच. बाळगायचा परवाना वेगळा, बनवायचा वेगळा, आणि बाळगायचा परवाना असला म्हणून जुळवायची मुभा मिळत नाही. विनापरवाना बनवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. त्यामुळं बीडच्या किंवा नांदेडच्या परवानाधारकापुढं एकच वाट उरते: तयार घेणं.

त्याआधीचा काळ थोडक्यात. या मुलखात शस्त्र घडवणं हे कायम सत्तेचं काम राहिलं. परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी असलेली आणि पुढं विजापूरला गेलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली. १८०३ मध्ये भोकरदनजवळच्या असईच्या लढाईत शिंद्यांच्या स्वतःच्या कारखान्यांतल्या तोफांनी इंग्रजांना चांगलंच भाजून काढलं होतं. १८७८ चा इंग्रजी शस्त्र कायदा ब्रिटिश मुलखाचा, मराठवाडा तेव्हा निजामाकडं. १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, तोवर मराठवाडा महाराष्ट्रात आलेला होता.

या कायद्यातली खरी वादाची जागा रायफलीची नाहीच, ती आहे पिकाच्या राखणीच्या बंदुकीची. आमच्या भागाचा तिच्याशी थेट संबंध असल्यानं तिच्याबद्दल सविस्तर लिहिलं पाहिजे. कलम १३ म्हणतं की खरोखर पीकसंरक्षणासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू भरायची) बंदूक मागितली आणि नकाराचं दुसरं कायदेशीर कारण नसलं, तर परवाना द्यायचा. ठासणीची बंदूक पुरणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे बारा बोरसारखी, देता येते. रायफल यात कुठंच नाही. तिच्यासाठी 'योग्य कारण' दाखवावं लागतं आणि ते पुरेसं आहे की नाही हे अधिकारी ठरवतो.

१९५९ मध्ये हे ठरवताना स्वस्ताई डोळ्यापुढं होती, हे उघड दिसतं. ठासणीच्या बंदुकीला काडतूस लागत नाही. दारू, छर्रे आणि दारू पेटवणारी टोपी एवढ्यावर बार निघतो. पण रानडुकरं शिवारात घुसतात ती ऐन पावसाळ्यात, मका-भुईमूग भरात असताना. त्याच दिवसांत दारूला ओल लागते, टोपी सर्द होते आणि घोडा नुसता खटकन पडतो. बार झालाच, तरी पुन्हा दारू ओतून गजानं ठासेपर्यंत कळप पलीकडच्या बांधावर गेलेला असतो. गावोगाव बंदुका नकोत, हे प्रशासनाचं म्हणणं मी समजू शकतो. पण ज्याला सगळ्यात कमी कुवतीचं हत्यार द्यायचं त्यालाच सगळ्यात अवघड काम सांगायचं, हा निर्णय शेतकऱ्यावर अन्याय करणारा होता असंच माझं मत आहे. त्यात डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. काळवीट आणि रोही (नीलगाय) यांचा प्रश्न तर त्याहून नाजूक. म्हणून आज कुणी बंदूक आणि बंदूक अशी तुलना करत नाही. एकीकडं परवान्याचे हेलपाटे आणि दुसरीकडं सौर कुंपणाचं झटका मशीन, अशी तुलना होते, आणि शेतकरी झटका मशीन घेतो.

तयार रायफल घ्यायची म्हटली तरी निवड तोकडी. ऐंशीच्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी आयात बंद झाली. नंतर वर्षानुवर्षं केंद्राच्या कारखान्यांतली .३१५ बोरची (बोर म्हणजे नळीच्या आतलं माप) रायफल हाच मुख्य पर्याय राहिला. हे माप आलं तेही इंग्रजी काळातल्या धास्तीतून. .३०३ हे फौजेचं माप, चोरीचं फौजी काडतूस नागरिकाच्या रायफलीत बसू नये म्हणून शिकारी रायफलीला निराळं माप ठेवलं गेलं. ती धास्ती जुनी झाली, माप अजून चालू आहे.

फौजेच्या बाबतीत मात्र 'बनवायची की घ्यायची' हा वाद अगदी ताजा आहे. पुण्यात विकसित झालेली ५.५६ मिमीची देशी रायफल नव्वदच्या दशकात फौजेत आली. कारगिलच्या थंडीत तिच्या मॅगझिनला, म्हणजे काडतुसांच्या पेटीला, तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या. २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० तयार रायफली मागवल्या गेल्या. त्याच वर्षी अमेठीजवळ कोरवा इथं रशियन रचनेच्या रायफलीचा कारखाना जाहीर झाला. करार मात्र डिसेंबर २०२१ पर्यंत रखडला, आणि त्यामागं किंमत हे मोठं कारण होतं. अखेर ६ लाखांहून अधिक रायफलींसाठी ५,००० कोटींवर रक्कम ठरली. भागाकार केला तर नगामागं साधारण ८५ हजार येतात, आणि अमेरिकेहून आलेली तयार रायफलही त्याच्या फार दूर नाही. म्हणजे फौजेतसुद्धा घरी बनवणं लगेच स्वस्त पडत नाही. तिथं पैसा मोजला जातो तो पुढच्या तीस वर्षांच्या सुट्या भागांसाठी आणि परक्याच्या दारात उभं राहावं लागू नये यासाठी.

भरतीच्या पोरांपैकी ज्यांना खरंच नेमबाजीत उतरायचंय, त्यांच्यासाठी कायद्यानं एक जागा मोकळी ठेवली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ पर्यंतचा बोर आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. २०२४ मध्ये कोल्हापूरच्या खेळाडूनं पॅरिसला ५० मीटरमध्ये कांस्य आणलं ती रायफल .२२ ची, तिला परवाना लागतो; पण नेमबाजीची सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलीवर करता येते. स्पर्धेची जर्मन रायफल लाखांत जाते. इथंही नळी आणि यंत्रणा एकत्रच घ्यावी लागते. दस्ता, गालपट्टी, खांद्याची पट्टी, डायऑप्टर (नेम धरायची बारीक भोकाची चकती) मात्र पुढं अंगाला बसेल तसं बदलता येतं. त्यामुळं जाणते प्रशिक्षक वापरलेली पण नळी चांगली असलेली रायफल आधी घ्यायला सांगतात, आणि उरलेला पैसा छर्रे आणि कोचिंगसाठी ठेवायला.