किल्ली घरात, गाडी दारात: घरफोडीसह वाहनचोरीच्या शिक्षेची पार्श्वभूमी

सुटीत घर बंद करून गावी निघालेल्या नाशिककराला दोन गोष्टींची धास्ती असते: कपाटातले दागिने आणि दारातली गाडी. एकाच रात्री दोन्ही गेले की गंगापूर रोड असो वा पाथर्डी फाटा, मागणी एकच होते, ‘कायदा कडक करा’. कायदा आहे किती कडक, हे त्याआधी पाहायला हवे.

भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली. तेव्हा मोटार नव्हतीच. चोरीला गेलेल्या वस्तूच्या किमतीपेक्षा चोरीची जागा आणि वेळ त्या कायद्याने महत्त्वाची मानली. साध्या चोरीला (कलम ३७९) ३ वर्षांपर्यंत कैद, राहत्या घरातल्या चोरीला (३८०) ७, चोरीसाठी दिवसा केलेल्या घरफोडीला (४५४) १० आणि रात्रीच्या घरफोडीला (४५७) १४ वर्षांपर्यंत. म्हणजे रस्त्यावर लावलेली गाडी बनावट किल्लीने पळवली तर ३ वर्षे; तीच गाडी रात्री कडी-कोयंडा तोडून, घरातली किल्ली घेऊन नेली तर १४.

या फरकाला पुढे तंत्रज्ञानाने वेगळेच वजन दिले. किल्लीत चिप आणि गाडीत इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारे यंत्र) आल्यावर तारा जोडून इंजिन सुरू करणे अवघड झाले. चोराला खरी किल्ली लागू लागली आणि ती असते घरात, दाराजवळच्या खिळ्यावर. ऑस्ट्रेलियात २००१ पासून नव्या प्रवासी गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे. तिथल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१६ मध्ये टोळीने घरात घुसण्यासाठी २५ वर्षांपर्यंत आणि धाकदपटशाने गाडी हिसकावण्यासाठी १५ वर्षांपर्यंत कैदेचे स्वतंत्र गुन्हे कायद्यात घातले.

आपल्याकडेही राज्यांना असा बदल करता येतो. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. हरियाणा आणि गुजरातने याच वाटेने सोनसाखळी हिसकावण्याची शिक्षा वाढवली होती.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. साधी चोरी ३०३(२) मध्ये गेली, घरफोडी ३३१ मध्ये; रात्रीच्या घरफोडीची १४ वर्षे कायम राहिली. कलम ३०५ मध्ये राहत्या घराच्या जोडीला माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाची चोरीही आली, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. संघटित गुन्हेगारीच्या कलम १११ मध्ये वाहनचोरीचा नावानिशी उल्लेख आहे. तिथे किमान शिक्षाच ५ वर्षांची, मात्र टोळी आणि तिची आधीची दोषारोपपत्रे दाखवावी लागतात.

खरी अडचण मला न्यायालयात दिसते. रात्रीच्या घरफोडीचा खटला चालतो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, आणि त्यांना एका गुन्ह्यासाठी ३ वर्षांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. जास्त शिक्षा हवी असे वाटले तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. त्यांची मर्यादा ७ वर्षे. पुस्तकातला १४ चा आकडा उद्या २० केला, तरी ही चौकट बदलल्याशिवाय चोराला काय फरक पडणार?

फिर्यादीत कोणते कलम लागते, याने मात्र आजही फरक पडतो. ७ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (तपास आणि खटल्याच्या कार्यपद्धतीचा कायदा) आहे. राज्यांना ती ५ वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे. नुसत्या ३०३(२) ला ती बंधनकारक नाही. म्हणून गाडीची नोंद ‘वाहनचोरी’ अशी सुटी न होता घरफोडीच्याच फिर्यादीत यावी, तुटलेले कुलूप पंचनाम्यात दिसावे आणि किल्ली घरातून गेली हे स्पष्ट लिहिलेले असावे. विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही किल्ल्या मागते. गाडी सापडली नाही आणि पोलिसांनी ‘अ समरी’ (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही असा अहवाल) न्यायालयात पाठवली, तर दुसरी किल्ली कुठे गेली याचे उत्तर त्या फिर्यादीतच शोधले जाते.