हेपॅटोब्लास्टोमा : लहान मुलांच्या यकृत-कर्करोगावरील उपचार
लहान मुलांच्या यकृतात उद्भवणाऱ्या कर्करोगांपैकी हेपॅटोब्लास्टोमा हा सर्वाधिक आढळणारा प्रकार असून तो बहुधा वयाच्या पहिल्या 3 वर्षांत लक्षात येतो. मूल अनेकदा हसतेखेळते असते. न्हाऊ घालताना आईच्या हाताला बरगड्यांखाली टणक गाठ लागते आणि तेथून तपासण्यांना सुरुवात होते. सुमारे 90 टक्के मुलांच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन वाढलेले आढळते. मात्र नवजात बाळांत ते मुळातच जास्त असल्याने आकडा वयाशी ताडूनच पाहावा लागतो.

गाठ शस्त्रक्रियेने पूर्णपणे काढणे हा उपचाराचा गाभा होय. निदानाच्या वेळी पुष्कळदा ते शक्य नसते. म्हणून यकृताचे चार विभाग कल्पून गाठ किती विभागांत पसरली आहे हे ‘प्रीटेक्स्ट’ पद्धतीने ठरवतात आणि बहुतेक मुलांना आधी केमोथेरपी देऊन गाठ आक्रसवतात. सिसप्लॅटिन हे यातील मुख्य औषध आहे. कमी जोखमीच्या मुलांना ते एकटेही पुरते, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले. त्यामुळे हृदयाला अपाय करू शकणारे डॉक्सोरुबिसिन हे दुसरे औषध या मुलांना टाळता येऊ लागले. जास्त जोखमीच्या मुलांना मात्र एकाहून अधिक औषधे द्यावी लागतात.

निरोगी यकृत पुन्हा वाढते, म्हणून शल्यचिकित्सक त्याचा मोठा भाग काढू शकतात. गाठ चारही विभागांत पसरली असेल किंवा मुख्य रक्तवाहिन्यांना वेढून बसली असेल, तर यकृत-प्रत्यारोपणाचा विचार करतात. लहानग्याला प्रौढ दात्याच्या यकृताचा डावीकडील छोटा भाग पुरत असल्याने आई किंवा वडीलही दाते होऊ शकतात. फुप्फुसांत पसरलेला रोग केमोथेरपीने किंवा शस्त्रक्रियेने नाहीसा झाला, तर अशा मुलांनाही प्रत्यारोपणाचा मार्ग मोकळा राहतो.

मोठ्या मुलांत आढळणारा हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा हा यकृताचा दुसरा कर्करोग केमोथेरपीला फारशी दाद देत नाही. हिपॅटायटिस बी हे त्याचे एक कारण असून, तैवानमध्ये 1984 पासून सुरू झालेल्या लसीकरणानंतर मुलांमधील हा कर्करोग घटला.

सिसप्लॅटिनमुळे येणारे बहिरेपण ही या उपचाराची मोठी किंमत आहे, कारण मूल बोलायला शिकण्याच्या वयातच ते येते. आधी उंच पट्टीचे ध्वनी हरपतात. मूल हाकेला ओ देते, पण ‘स’, ‘श’ यांसारखे वर्ण त्याला नीट ऐकू येत नाहीत आणि म्हणून घरच्यांना शंका येत नाही. सिसप्लॅटिननंतर 6 तासांनी शिरेतून सोडियम थायोसल्फेट दिल्यास श्रवणहानीचे प्रमाण 63 वरून 33 टक्क्यांवर आले, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. रोग पसरलेला नसलेल्या मुलांसाठी हा उपाय आहे. त्याची सोय असो वा नसो, उपचारापूर्वी, उपचार चालू असताना आणि त्यानंतरही श्रवणतपासणी व्हायला हवी, म्हणजे गरज पडल्यास श्रवणयंत्र वेळेवर लावता येते.