आमवातातील हाताची फिजिओथेरपी

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हातात मनगट, बोटांच्या मुळांचे आणि मधले सांधे सुजतात. नखाजवळचा सांधा बहुधा वाचतो. सकाळी तास-तास मूठ वळत नाही. दाह आटोक्यात राहिला नाही तर पुढे बोटे करंगळीच्या बाजूला कलतात. त्या दाहाला मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आवर घालतात, ते फिजिओथेरपीचे काम नव्हे. सांध्यांची हालचाल, पकडीतले बळ आणि रोजची कामे टिकवणे हे तिचे काम.

अशा हाताला पूर्वी विश्रांतीच सांगत. व्यायामाने सांधे झिजतील ही भीती घरोघरी अजून आहे, पण ती अनाठायी आहे. ब्रिटनमध्ये ४९० रुग्णांवर झालेल्या ‘सारा’ चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. नेहमीच्या उपचारांना हाताच्या ताणाच्या आणि बळाच्या व्यायामांची जोड मिळालेल्यांचे हात वर्षभरानंतरही इतरांपेक्षा अधिक कामाचे राहिले आणि त्यांच्या वेदना वाढल्या नाहीत. व्यायाम साधेच असतात: बोटे पसरणे, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावणे, मनगट वर-खाली करणे, मऊ पुट्टी (व्यायामासाठीचा, मळलेल्या पिठासारखा गोळा) दाबणे. व्यायामानंतर दुखणे दोन तासांहून जास्त टिकले तर जोर कमी करायचा. सांधा लाल, गरम असेल त्या दिवसांत बळाचे व्यायाम थांबवून हलकी हालचाल तेवढी ठेवतात. मेणाचा शेक व्यायामाआधी आखडलेला हात सैल करतो. नुसता शेक घेऊन घरी जाणे फारसे उपयोगाचे नाही. पकडीचे बळ मापकाने मोजतात. तो नसेल तर रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून, थोडी हवा भरून दाबायला देतात.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) राज्यातील अनेक फिजिओथेरपी महाविद्यालये संलग्न आहेत. पाठ्यपुस्तकात उदाहरण असते बरणीचे झाकण उघडण्याचे, नाशिक जिल्ह्यातला हात मात्र वेगळ्याच कामांत गुंतलेला असतो. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, द्राक्षाच्या घडांची मणी विरळणी (घडातले जादा मणी कात्रीने काढणे) येते आणि तीही थंडीत. निफाडकडे पारा चांगलाच उतरतो. छोट्या कात्रीची उघडझाप दिवसभर अंगठ्याच्या चिमटीवर चालते. कात्री स्प्रिंगने आपोआप उघडणारी हवी, मुठीवर फोम किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ती जाड करावी आणि मधूनमधून हात बदलावा. दोन्ही हातांना आमवात असेल तर हात बदलून भागत नाही. कामाचे तास कमी करावे लागतात, आणि रोजंदारीवरच्या बाईला हे सांगणे सोपे नसते.

घरातही तसेच. कपडे दोन्ही हातांत धरून पिळण्याऐवजी नळाला अडकवून पीळ द्यावा. भरलेले पातेले सांडशीने उचलू नये, फडके घेऊन दोन्ही तळव्यांनी कडांना धरून उतरवावे किंवा ओट्यावरून सरकवावे. पिशवी बोटांत लटकवण्यापेक्षा कोपरावर घ्यावी. भाकरी मात्र कोणी सहजी सोडत नाही. पीठ परातीत तळव्याने मळावे, भाकऱ्या थोड्या-थोड्या करून थापाव्यात, एवढी तडजोड बहुतेकांना जमते.

स्प्लिंट, म्हणजे सांध्याला धरून ठेवणारे आधार, दोन तऱ्हेचे असतात: रात्री सांध्यांना आराम देणारे आणि कामात मनगटाला आधार देणारे. मधला सांधा मागे वाकत असेल तर इंग्रजी आठाच्या (8) आकड्यासारखी छोटी अंगठी त्याला रोखते. वाकलेले बोट स्प्लिंटने कायमचे सरळ होईल, असे मात्र कोणी सांगू नये.

काही वेळा व्यायाम बाजूला ठेवून रुग्णाला पुढे पाठवावे लागते. करंगळी किंवा अनामिका एकाएकी सरळ होईनाशी झाली तर, दुखत नसले तरी, मनगटाशी स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलेला असू शकतो. शस्त्रक्रियेसाठी लगेच दाखवावे, कारण शेजारच्या बोटांचे स्नायुबंधही तुटू शकतात. रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटे बधिर होत असतील तर मनगटातली नस दबलेली असू शकते. दोन्ही हातांना मुंग्या येऊन चाल डळमळू लागली तर मानेचे वरचे मणके तपासावे लागतात. आमवाताच्या रुग्णाने मान मोडून घेणे, मग ते मालिशवाल्याकडून असो वा दवाखान्यात, जिवावर बेतू शकते.